पहिल्या वाटीतली वाकडी रेघ

खारूताईची बावीशी इतकी लहान होती, इतकी लहान होती, की तिच्यापुढे मुंगी म्हणजे हत्ती, आणि हत्तीला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पेन्सिलीच्या एका ठिपक्यावर कोट्यवधी बावीशा मांडी घालून बसल्या असत्या आणि वर पाहुण्यांनाही जागा उरली असती. आणि या एवढ्याशा जिवासाठी, जो धड जीवही नव्हता, खारूताईने तीन वर्षं घालवली होती.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांनी ते ठेवलं, कारण तिला छोट्या छोट्या नळ्या फ्रीजच्या कानाकोपऱ्यात दडवायची सवय होती, आणि मागून आपणच त्या शोधत फिरायची. एकदा दुधाच्या मागे एक नळी सापडली, तेव्हापासून चहावाल्या फ्रीजला कुलूप लागलं.

बावीशी हे नाव मात्र खारूताईने स्वतः ठेवलं होतं. शास्त्रातले लोक तिला मायक्रोआरएनए म्हणतात आणि पुढे एक नंबर लावतात, तुरुंगातल्या कैद्यासारखा. खारूताईला ते बरं वाटेना. पेशीच्या भाषेतल्या बावीस अक्षरांची चिंधी, म्हणून बावीशी.

ही बावीशी करते काय, ते तिने आपल्या आत्याला एकदा सूप पिता पिता समजावलं होतं.

"हे बघ आत्या, प्रत्येक पेशीच्या पोटात एक कुलूपबंद कपाट. त्यात पाककृतींचं जाडजूड पुस्तक. पुस्तक बाहेर न्यायचं नाही, असा नियम. म्हणून पाहिजे तेवढी पाककृती चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठी स्वयंपाकघरात पाठवायची. तिथे आचारी चिठ्ठी वाचतो आणि पदार्थ करतो."

"बरं. आणि तुझी ती बावीशी भांडी घासते?"

"ती काहीच करत नाही. नुसती जाऊन चिठ्ठीवर चिकटून बसते. आचाऱ्याला वाचता येत नाही, चिठ्ठी फाटून जाते, पदार्थ रद्द."

"म्हणजे सासू!" आत्याने चमचा आपटला. "स्वतः शिजवायचं नाही आणि दुसऱ्याला शिजवू द्यायचं नाही!"

"सासूच समज. पण कामाची सासू. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये काय होतं, पेशींमधली ही सासू कमी कमी होत जाते. मग ज्या चिठ्ठ्या तिने दाबून ठेवायच्या, त्या मोकाट सुटतात. त्यातली एक चिठ्ठी असते पाय फुटण्याची. पेशी जागा सोडते आणि निघते गावभर फिरायला."

आत्याने सूप बाजूला ठेवलं. तिच्या डाव्या फुफ्फुसातली गाठ काढून दीड वर्ष झालं होतं. गाठीबरोबर फुफ्फुसाचा एक कोपराही गेला होता. आवाज मात्र जागच्या जागी होता. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती ती. तिने 'पुढे सरका' म्हटलं की माणसं सरकायचीच, पण रस्त्यावरची दुकानंसुद्धा वीतभर सरकायची, असं ती स्वतः सांगते.

"मग घाल की सासूला परत घरात," आत्या म्हणाली.

"तेच तर करतेय, आत्या. घातल्यावर पेशी थांबतात का, एवढंच बघायचंय."

आणि तेच काही केल्या बघायला मिळत नव्हतं. पहिल्या वेळी बशीत बुरशी आली, अशी गुबगुबीत की उशी भरावी. दुसऱ्या वेळी पेशींनी सामूहिक प्राण सोडले. तेव्हा मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी, डोक्यावर एक आणि नाकावर एक असे दोन्ही चष्मे सरळ करून सांगून टाकलं, "गुरुवारी चार वाजता आकडे घेऊन ये. बावीशीने पेशी थांबल्या, तर काम चालू. नाही थांबल्या, तर तिचा डबा फ्रीजरमधून बाहेर, आणि सोमवारपासून तू लांबूच्या हाताखाली."

लांबू शेजारच्या टेबलावर काम करायचा. तो इतका उंच होता की त्याला जमिनीवरची बातमी दुसऱ्या दिवशी कळायची. स्वभावाने गरीब, पण त्याचं सगळं काम थुंकीवर. लोकांच्या थुंकीतले बुडबुडे तो मोजत बसायचा.

"ये थुंकीत," तो मनापासून म्हणाला. "पुष्कळ जागा आहे."

खारूताईच्या अंगावर काटा आला.

बुधवारी सकाळी तिने बशी काढली. बशी म्हणजे प्लास्टिकची, पारदर्शक, पुस्तकाएवढी, आणि तिच्यात सहा वाट्या. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. खालच्या ओळीत चार, पाच, सहा. सगळ्या वाट्यांच्या तळाशी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी खेटून खेटून पसरलेल्या, सतरंजीसारख्या. वरच्या तीन वाट्यांना तिने आदल्या दिवशी बावीशी पाजली होती. खालच्या तिघींना नुसती बनावट चिंधी, तेवढ्याच लांबीची, पण अर्थ नसलेली, म्हणजे तुलना करता येईल.

आता प्रत्येक वाटीत पिपेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या नळीच्या, टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा. सतरंजीत एक सरळ रस्ता उघडतो. मग बशी मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि चोवीस तास दर पंधरा मिनिटांनी फोटो. पेशींना पाय फुटलेले असले, तर त्या दोन्ही काठांकडून चालत येऊन रस्ता बुजवतात. थांबल्या, तर रस्ता उघडाच राहतो. इतकं साधं आहे. फक्त हात हलायला नको.

तिने पहिल्या वाटीवर टोक टेकवलं आणि फोन वाजला.

हातात मोजे, म्हणून तिने कोपराने फोन घेतला. कोपरानेच स्पीकर चालू झाला.

"अगं खारू, तुला सत्तावीस नंबरची गोष्ट सांगितली का? गिअर उलटा अडकला होता ती?"

"आत्या, माझ्या हातात पिपेट आहे."

"असू दे की. मी कानात सांगतेय, हातात कुठे?" आत्या सुटलीच. "ड्रायव्हर म्हणाला, बाई, गाडी पुढे जातच नाही, नुसती मागे जाते. मी म्हटलं, मग मागे चला, रस्ता तोच आहे ना! पाटी काढून मागच्या काचेला लावली. मी मागच्या खिडकीत शिट्टी तोंडात धरून उभी. अख्खा रूट उलटा, शेवटच्या स्टॉपपासून पहिल्यापर्यंत! सगळं उलटं होत गेलं गं. कामाला निघालेली माणसं आपापल्या घरी पोचली. एकीचा नवरा म्हणाला, आलीस पण? अजून तर गेली नव्हतीस! आणि एक आजोबा चढले ना, ते चढले तेव्हा डोकं पांढरंशुभ्र, आणि उतरले तेव्हा—"

"आत्या, नको!"

"—काळे कुळकुळीत केस! मला म्हणतात, ताई, पास विद्यार्थ्यांचा आहे, चालेल का?"

खारूताईला असं हसू फुटलं की पाठीपासून बोटांपर्यंत सगळी हलली. पिपेटचं टोक सरळ जायचं ते डावीकडे वळलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पहिल्या वाटीत रस्ता न होता घाटच झाला.

"बघ काय केलंस!" ती ओरडली.

"मी काय केलं? मी तर घरी बसलेय," आत्या म्हणाली आणि गुणगुणत फोन ठेवून दिला.

बाकीच्या पाच वाट्यांत खारूताईने पट्टीने आखावेत तसे ओरखडे काढले. मग वहीत लिहिलं. ती सगळं लिहायची, लपवायची फक्त नळ्या. आणि मग, अजून गालात हसत, पास विद्यार्थ्यांचा आहे चालेल का, असं पुटपुटत, बशी मायक्रोस्कोपमध्ये ठेवून ती दार लावून आली.

गुरुवारी दुपारी बाराला फोटो पुरे झाले. कॉम्प्युटरने आकडे काढून दिले. खारूताईने ते पाहिले, डोळे चोळले, आणि पुन्हा पाहिले.

एक, दोन, तीन नंबरचे रस्ते शंभरात शहाण्णव भाग बुजले होते.

चार, पाच, सहा नंबरचे सताड उघडे.

म्हणजे बावीशी पाजलेल्या पेशी थांबल्या नव्हत्या. त्या धावत सुटल्या होत्या! जिला सासू समजून घरात घातलं, तिने सुनेला बूट आणून दिले होते. खारूताईच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं ती उलट्या बाजूने भांडत होती? तिने चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि तो सगळा प्यायली. तरी तिच्या लक्षात आलं नाही.

लांबूने पडद्यावर वाकून आकडे पाहिले आणि आपल्या टेबलाचा अर्धा भाग पुसून तिच्यासाठी रिकामा केला. नवा कोरा मास्क पण ठेवला. "सुरुवातीला वास येतो," तो हळूच म्हणाला. "मग येत नाही."

तीन वाजता आत्या आली. शेजारच्याच इमारतीत तिची सहा महिन्यांची तपासणी होती. चहाच्या खोलीत शिरता शिरता तिने गळ्यातली जुनी शिट्टी फुर्रकन वाजवली.

"फुफ्फुस टकाटक! डॉक्टर म्हणाले, सहा महिने तोंड दाखवू नका. मी म्हटलं, तुम्हीच दाखवू नका! अगं, तुझं तोंड असं का झालंय? कोणी ओल्या फडक्याने पुसलंय का?"

खारूताईने तिला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप पुढे सरकवला आणि सगळं सांगितलं. "चार वाजता मॅडमना दाखवायचंय. बावीशी गेली, आत्या. सोमवारपासून थुंकी."

"कोणाची?"

"सगळ्यांची!"

आत्याने नाक वाकडं केलं. मग चष्मा लावला आणि सहाही वाट्यांचे पहिले फोटो एकेक करून पाहायला लागली. कंडक्टरची नजर ती, तिकीट न काढलेला माणूस शंभरात ओळखणारी. तिने सहाव्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्या रस्त्याला वळण कसं काय? बाकीचे पाच कसे सरळसोट आहेत."

"ते तुझ्या फोनमुळे. तू हसवलंस, माझा हात हल—"

खारूताई थांबली. पापणीसुद्धा लवेना.

"काय झालं? घशात काय अडकलं?"

"आत्या," खारूताई म्हणाली, "वाकडी रेघ मी पहिल्या वाटीत काढली होती. सहाव्या नाही. पहिल्या!"

"मग गाडी उलटी लागलीय," आत्या म्हणाली. इतकं सरळ, जसं काही एकतीस वर्षं रोज हेच बघत आलीय. "पहिला स्टॉप शेवटी आला म्हणजे दुसरं काय असणार?"

यानंतर खारूताई जी धावली, ती खोटं वाटेल, पण तिच्या वाऱ्याने भिंतीवरच्या सगळ्या नोटिसा उडाल्या आणि अग्निशमनाची बादली स्वतःहून बाजूला झाली. मागून लांबू लांब लांब टांगा टाकत, त्याच्या मागून आत्या शिट्टी वाजवत. मायक्रोस्कोपच्या खोलीत तिने काचेला नाक लावून आत पाहिलं. बशीचा एक कोपरा कापलेला असतो, तो नेहमी वर डाव्या हाताला यायला पाहिजे. तो खाली उजव्या हाताला होता, आणि तिच्याच अक्षरातलं 'खार' तिच्याकडे डोकं खाली करून बघत होतं.

"उलटी!" खारूताई किंचाळली. "मी उलटी ठेवली! उलट्या बसच्या नादात बशीच उलटी! म्हणजे एकची सहा झाली, दोनची पाच, तीनची चार. म्हणजे ज्या धावल्या, त्या बनावटवाल्या. आणि ज्या बसून राहिल्या—"

"सासूवाल्या!" आत्या म्हणाली, आणि दोघींनी त्या खोलीत अशी गिरकी घेतली की लांबूला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं.

तोच बिचारा म्हणाला, "पण मॅडम विचारतील, बशी आत्ताच कोणी फिरवली नाही कशावरून?"

गिरकी थांबली. घड्याळात चारला सात मिनिटं कमी.

"मी विचारीनच," दारातून आवाज आला. मॅडम शिट्टीमुळे बाहेर आल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा डोक्यावर ठेवला. हे त्या फक्त फार गंभीर प्रसंगी करायच्या. "निकाल आवडला नाही की लोकांना अचानक आठवतं, बशी उलटी होती, लेबल चुकलं होतं, घड्याळ पुढे होतं. तीस वर्षांत मी हे खूप ऐकलंय. तुला तुझी बावीशी प्रिय आहे, ठाऊक आहे मला. म्हणूनच तुझ्या शब्दावर जाणार नाही. पुरावा?"

खारूताईचे कान गरम झाले. मॅडमचं बरोबर होतं, तेच वाईट होतं. तिने आपली वही आणली, बुधवारचं पान उघडलं, आणि डोळे मिटून ती मॅडमच्या हातात दिली. त्या पानावर काय लिहिलंय ते तिला आठवत होतं, आणि ते मॅडमनी कधी वाचू नये असंच तिला वाटत आलं होतं.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "बुधवार. अकरा वाजून सात मिनिटं. वाटी क्रमांक एक, ओरखडा वाकडा, तीन वळणं. कारण..." त्या थांबल्या. "कारण, आत्याचा फोन. उलटी बस. हसू आवरलं नाही. वाटी दोन ते सहा, सरळ."

मॅडमनी लॅपटॉपवर पहिल्या मिनिटाचे फोटो उघडले. एक सरळ. दोन सरळ. तीन, चार, पाच, सरळ. सहा नंबर, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, उलट्या बशीत दिसावं तसं. तीन वळणं, मोजून.

"हे फोटो काल आपोआप निघालेत, वेळ छापलेली आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नोंद त्याच्याही आधीची. म्हणजे बशी कालच उलटी होती. पण ही 'उलटी बस' काय भानगड आहे?"

"मी सांगते," आत्या पुढे सरकली. खारूताईने तिची बाही ओढली, पण आत्याला आजवर ड्रायव्हरसुद्धा थांबवू शकला नव्हता. तिने सत्तावीस नंबरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि कालपासून आजपर्यंत गोष्ट बरीच वाढली होती. आता बसमधल्या बाईच्या पिशवीतली अंडी परत कोंबडीकडे गेली होती. मॅडम ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. अंड्यांपर्यंत टिकल्या. पण काळ्या केसांचे आजोबा विद्यार्थ्यांचा पास दाखवायला लागले, तेव्हा मॅडमच्या घशातून आधी उचकीसारखा आवाज आला, मग त्या अशा हसल्या की वरचा चष्मा खालच्या चष्म्यावर आपटला आणि दोन्ही जमिनीवर गेले. लांबूला ते दिसले नाहीत. खारूताईने उचलले.

मॅडमनी डोळे पुसले. आवाज पुन्हा घट्ट केला.

"एका बशीवर माझा विश्वास नाही. तीन वेळा पुन्हा करायचं, नव्या पेशी, नव्या बश्या. तिन्ही वेळा थांबल्या, तरच मी मानीन. तोवर..." त्यांनी खारूताईकडे पाहिलं. "बावीशीचा डबा फ्रीजरमध्येच राहू दे."

खारूताईचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं पण मोठं होतं. लांबूने तिच्यासाठी रिकामं केलेलं अर्धं टेबल निमूट परत थुंकीने भरून टाकलं. त्याला जरा वाईटच वाटलं, सोबत मिळणार होती ना.

"आणि एक," मॅडम जाता जाता वळल्या. "पुढच्या वेळी फोन बंद."

"मग वाकडी रेघ कोण काढणार?" आत्या म्हणाली.

विचार करताना मॅडमच्या भुवया चष्म्याच्याही वर गेल्या. बशी उलटी लागली हे आज कळलं, ते फक्त त्या वाकड्या रेघेमुळे. रेघ सरळ असती, तर एक चांगली गोष्ट कायमची खोटी ठरली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपच्या दारावर मॅडमच्या अक्षरात कागद लागला. यापुढे प्रत्येक बशीत पहिल्या वाटीतली रेघ मुद्दाम वाकडी काढावी. खाली सही. लोकांनी त्या रेघेला आत्यारेघ म्हणायला सुरुवात केली. लांबूसुद्धा म्हणतो, थुंकीत रेघ काढता येत नाही तरी.

पहिली पुन्हा केलेली बशी सुलट लागली, आणि बावीशीवाल्या पेशी थांबल्या. दुसरीत पण थांबल्या. आत्याने तिसरीची वाट न बघता गल्लीभर सांगून टाकलं की तिने एका फोनवर कॅन्सरच्या पेशींना जागच्या जागी बसवलं. खारूताईने समजावलं की आत्या, हे नुसतं बशीत झालंय, माणसात नाही, त्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. आत्या म्हणाली, "असू दे. तोवर मी आहे."

तिसऱ्या बशीच्या दिवशी सकाळी अकरा वाजले. खारूताईने मोजे घातले, बशीचा कापलेला कोपरा दोनदा तपासला, पिपेटचं टोक पहिल्या वाटीवर टेकवलं आणि थांबून राहिली. रेघ तिला हाताने वाकडी काढता आली असती. काढली नाही. अकरा वाजून पाच मिनिटं झाली. सहा झाली.

फोन वाजला. तिने कोपराने घेतला.

"खारू, तुला तेरा नंबरची गोष्ट सांगितली का? जिच्यात ब्रेक लागला तो शेजारच्या बसला?"

"नाही," खारूताई म्हणाली आणि टोक हलकेच दाबलं. "सांग, आत्या. सावकाश सांग."